कॉन्डोमिनियममधली जुनी सदनिका घेताना : घोषणापत्रातली टक्केवारी नेमके काय ठरवते?

शोधयात्री

नमस्कार. एरंडवण्यात नळस्टॉपच्या जवळ आम्ही एक जुनी सदनिका पाहिली असून व्यवहार विसारापर्यंत आला आहे. जागा मूळची बंगल्याची होती. मालकांनी विकसन करारनामा करून ती एका स्थानिक बांधकाम व्यावसायिकाला दिली आणि १९९८ साली तेथे तळमजल्यावर चार दुकाने व वर चौदा सदनिका अशी इमारत उभी राहिली. इमारतीच्या पाटीवर नावापुढे ‘कॉन्डोमिनियम’ असे लिहिले आहे. एजंटाचे म्हणणे असे, की ही सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे, त्यामुळे तुम्ही थेट मालक होता आणि शेअर सर्टिफिकेटची भानगडच राहत नाही. बँकेच्या वकिलांनी मात्र ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ मागितले आणि नेमके तेच विक्रेत्यांकडे नाही. त्यांच्याकडे १९९८ चे नोंदणीकृत साठेखत, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), ताबापावती, मिळकतकराच्या पावत्या आणि घोषणापत्राची, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशनची, छायाप्रत एवढेच कागद आहेत.

घोषणापत्र मी शांतपणे वाचले. त्याच्या शेवटी एक टंकलिखित तक्ता आहे : गाळा क्रमांक, मजला, क्षेत्रफळ आणि अविभक्त हिस्सा. आम्ही पाहिलेल्या सदनिकेपुढे ५.१० टक्के लिहिले आहे आणि वरच्या मजल्यावरील, गच्ची लागून असलेल्या मोठ्या सदनिकेपुढे ९.८०. अठरा गाळ्यांची बेरीज केली तर ती शंभर भरत नाही, ८८.५० भरते. तक्त्याची शेवटची ओळ ‘भविष्यातील बांधकाम, प्रवर्तक, ११.५०’ अशी आहे आणि तिच्यापुढचा क्षेत्रफळाचा रकाना कोरा आहे. दुसरीकडे, मेंटेनन्सच्या पावत्या पाहिल्या तर प्रत्येक गाळ्याकडून सरसकट ३,५०० रुपये घेतले जात आहेत, म्हणजे टक्केवारीचा विचार कोणी केलेलाच दिसत नाही.

आम्हाला जाणून घ्यायचे आहे ते असे, की ही टक्केवारी केवळ कागदावरची आहे की तिला काही अर्थ आहे, प्रवर्तकाच्या, म्हणजे बांधकाम व्यावसायिकाच्या, नावावरील ११.५० टक्क्यांचे पुढे काय होते, आणि डीड ऑफ अपार्टमेंट नसताना ही सदनिका घ्यावी किंवा नाही. परिसर मनासारखा आहे, सासूबाईंना चालत सगळे उरकता येते, त्यामुळे मोह होतो आहे हे खरे.

जुना_सभासद

कर्वेनगरच्या एका सहकारी गृहरचना संस्थेत मी बराच काळ सचिव होतो, त्यामुळे माझे मत सोसायटीकडे झुकलेले आहे हे आधीच सांगतो.

सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर असते आणि तुम्ही भागधारक सभासद म्हणून आपल्या सदनिकेचा भोगवटा करता. मालकी अशी आडवळणाने येत असली, तरी कारभार रुळलेल्या वाटेने चालतो. एका सभासदाला एकच मत, मग त्याचा फ्लॅट केवढाही असो. सेवाशुल्क सर्वांना समान, पाण्याचे पैसे नळजोडांच्या संख्येवर, सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्का आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्का, हे सगळे आदर्श उपविधींत लिहिलेले आहे. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक लावता येत नाही, आणि फ्लॅट विकताना हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांच्या वर नेता येत नाही. या दोन्ही मर्यादा २००१ च्या शासन आदेशांतून आल्या. दरवर्षी हिशेबतपासणी होते, ठरलेल्या मुदतीने निवडणूक होते आणि समितीने मनमानी केली तर उपनिबंधकांचे दार ठोठावता येते.

अपार्टमेंटमध्ये या मर्यादा आपोआप लागू होत नाहीत. तिथे सगळे त्या घोषणापत्रावर आणि त्याला जोडलेल्या उपविधींवर अवलंबून असते, आणि ते लिहिणारा बांधकाम व्यावसायिक असतो. पुण्यात बंगल्यांच्या जागांवर झालेल्या छोट्या योजनांमध्ये हा मार्ग फार वापरला गेला, कारण घोषणापत्र एकदा नोंदवले की संस्था नोंदणीचा खटाटोप वाचतो. खटाटोप कोणाचा वाचला, हे ज्याने त्याने ठरवावे.

दस्तऐवज

मी दस्त तयार करण्याच्या कामात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वर ‘जुना_सभासद’ यांनी सोसायटीचे चित्र नेमके मांडले आहे, परंतु अपार्टमेंटमध्ये सगळे मोकाट असते असा त्यातून कोणी अर्थ घेऊ नये. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट हा १९७० चा कायदा आहे आणि तो बऱ्याच बाबतींत सोसायटीच्या उपविधींपेक्षाही काटेकोर आहे. अडचण अशी, की तो वाचतो कोण.

या कायद्यात दोन दस्त महत्त्वाचे आहेत. पहिला घोषणापत्राचा. मिळकतीचा मालक ती मिळकत या कायद्याखाली आणत असल्याचे त्यात जाहीर करतो, जमिनीचे आणि इमारतीचे वर्णन देतो, प्रत्येक अपार्टमेंटचा सामाईक जागांमधील अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहितो आणि उपविधी जोडतो. दुसरा दस्त म्हणजे डीड ऑफ अपार्टमेंट. त्याने ती विशिष्ट सदनिका आणि तिच्याबरोबर तो टक्केवारीचा हिस्सा खरेदीदाराच्या नावावर होतो. साठेखत हा विक्री करण्याचा करार असतो. त्यावर पूर्ण मुद्रांक भरला, ताबा घेतला, पंचवीस वर्षे कर भरला, तरी मालकी हस्तांतरित करणारा अखेरचा दस्त राहिला तर राहिलाच. त्यामुळे ‘तुम्ही थेट मालक’ हे एजंटाचे वाक्य डीड झालेल्या सदनिकेबद्दल खरे आहे, तुम्ही पाहत असलेल्या सदनिकेबद्दल आज तरी खरे नाही. बँकेचे वकील अडून बसले आहेत ते याच कारणाने आणि ते बरोबर करत आहेत.

आता टक्केवारीबद्दल. ती प्रत्येक अपार्टमेंटच्या मूल्याचे संपूर्ण मिळकतीच्या मूल्याशी असलेले प्रमाण पाहून ठरवायची असते, केवळ क्षेत्रफळावरून नव्हे. एकदा घोषणापत्रात लिहिली की ती कायम स्वरूपाची होते. ती बदलायची तर सर्व मालकांची संमती आणि दुरुस्ती घोषणापत्राची नोंदणी लागते. सामाईक खर्च त्याच टक्केवारीने वाटायचा आणि सामाईक उत्पन्न, उदाहरणार्थ गच्चीवरील मोबाइल टॉवरचे भाडे, तेही त्याच टक्केवारीने वाटायचे, असे कायदा सांगतो. सभेत बहुमत मोजायचे तेही माणसे मोजून नाही. घोषणापत्रात मतदानासाठी ज्या टक्केवाऱ्या दिल्या आहेत, त्यांची बेरीज ५१ किंवा त्याहून अधिक व्हावी लागते. म्हणजे खर्च, उत्पन्न, मत आणि जमिनीतला वाटा या चारही गोष्टी त्या एका रकान्याला बांधलेल्या आहेत. तुमच्या इमारतीत १९९८ पासून समान वर्गणी घेतली जाते याचा अर्थ तो रकाना निकामी झाला असा होत नाही.

प्रवर्तकाच्या ११.५० टक्क्यांची ओळ मला खटकते. कायद्याप्रमाणे अविभक्त हिस्सा हा अपार्टमेंटला चिकटलेला असतो. तो अपार्टमेंटपासून वेगळा काढता येत नाही, आणि अपार्टमेंट विकले किंवा गहाण ठेवले की हिस्सा त्याच्याबरोबर गेला असे धरले जाते. इथे हिस्सा आहे, पण तो ज्याला चिकटावा ते अपार्टमेंटच अस्तित्वात नाही. घोषणापत्राच्या मजकुरात उर्वरित चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय), टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा वाढीव बांधकामाचा हक्क प्रवर्तकाने स्वतःकडे राखून ठेवल्याचे कलम आहे का, ते पाहून कृपया कळवावे. असल्यास त्या कलमातील वाक्ये जशीच्या तशी इथे लिहिलीत तर बरे होईल.

मोजपट्टी

कायद्याचे जाणकार बोलतच आहेत, मी फक्त क्षेत्रफळापुरते लिहितो. एजंटाने तुम्हाला क्षेत्रफळ किती सांगितले आणि साठेखतात किती आहे?

शोधयात्री

सर्वांचे आभार. ‘मोजपट्टी’, एजंटाने ‘७८० सेलेबल’, म्हणजे ७८० चौरस फूट विक्रीयोग्य क्षेत्र, असे सांगितले असून किंमत १ कोटी ५ लाख आहे. साठेखतात चटईक्षेत्र ५४ चौरस मीटर लिहिले आहे.

‘दस्तऐवज’, असे कलम आहे. मजकूर असा : ‘सदर मिळकतीवर सध्या अथवा भविष्यात उपलब्ध होणाऱ्या सर्व वाढीव चटईक्षेत्र निर्देशांकाचा तसेच विकास हक्क हस्तांतरणाचा लाभ घेण्याचा, त्याकरिता नकाशे मंजूर करून घेण्याचा व बांधकाम करून ते विकण्याचा अधिकार प्रवर्तक यांनी स्वतःकडे राखून ठेवला असून, त्यास कोणत्याही गाळाधारकाची हरकत असणार नाही.’ त्याखाली स्टिल्टमधील सहा गाड्यांच्या जागांची क्रमवार यादी आहे आणि त्यांचे वर्णन ‘मर्यादित सामाईक क्षेत्र’, म्हणजे ठरावीक गाळ्यांनीच वापरायची सामाईक जागा, असे केले आहे. आमच्या सदनिकेपुढे पार्किंग क्रमांक ४ आहे.

विक्रेते सांगतात, की बांधकाम व्यावसायिकाची भागीदारी संस्था बंद झाली असून दोन भागीदारांपैकी एक हयात आहेत. बंगल्याचे मूळ मालक वारले, त्यांच्या कन्या याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात.

मोजपट्टी

५४ चौरस मीटर म्हणजे सुमारे ५८१ चौरस फूट. एक चौरस मीटर बरोबर १०.७६४ चौरस फूट धरावेत. ७८० आणि ५८१ यांतला फरक चटईक्षेत्राच्या ३४ टक्के होतो. एजंट दर सांगताना १ कोटी ५ लाखांना ७८० ने भागून साडेतेरा हजारांच्या आतला आकडा सांगेल. प्रत्यक्ष पायाखालच्या जागेवर तो १८,०७० रुपयांच्या घरात जातो. आजूबाजूच्या नव्या इमारतींचे दर रेराच्या चटईक्षेत्रावर सांगितले जातात, त्यामुळे जुना फ्लॅट ‘स्वस्त’ वाटतो तो बहुतेक वेळा या भागाकारामुळे.

रेरा म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा. त्याने चटईक्षेत्राची व्याख्या एकदाची पक्की केली. बाहेरच्या भिंती, डक्ट, सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी आणि स्वतंत्र उघडी गच्ची वगळून उरलेले वापरण्याजोगे क्षेत्र, मात्र आतल्या पार्टिशन भिंतींची जाडी त्यात धरायची. १९९८ च्या साठेखतातील ५४ चौरस मीटर याच व्याख्येने मोजलेले असतीलच असे नाही, त्या काळी बाल्कनी त्यात धरण्याची रीत सर्रास होती. तेव्हा टेप घेऊन जा आणि खोल्या आतून मोजा. बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतली असेल तर ती मंजूर नकाशात कशी दाखवली आहे तेही पाहा. पुण्यात बंद न केलेली बाल्कनी शोधावी लागते, पण पुनर्विकासात क्षेत्र मोजताना मंजूर नकाशा पाहिला जातो, ग्रिल बसवणाऱ्याचे बिल नाही.

आणखी एक. ‘सेलेबल’ हा आकडा कोणत्याही नोंदणीकृत कागदावर नाही. तो विसारपावतीत येऊ देऊ नका.

शटर_क्रमांक_३

मी अशाच एका इमारतीत तळमजल्यावर दुकान चालवतो. वरच्या सदनिकाधारकांना वाटते, की दुकानदार कमी पैसे देऊन सुटतात. आमच्या घोषणापत्रात माझ्या ११ चौरस मीटरच्या दुकानाला जो हिस्सा दिला आहे तो क्षेत्रफळाच्या मानाने जवळजवळ दुप्पट आहे. लिफ्ट मी कधी वापरत नाही, गच्चीची किल्ली माझ्याकडे नाही आणि जिन्यातला दिवा माझ्यासाठी लागत नाही. तरीही टक्केवारीने आकारणी करा असे म्हटले, की या सगळ्याचे पैसे मला दुप्पट द्यावे लागणार. ‘दस्तऐवज’ यांचे यावर काय म्हणणे आहे?

दस्तऐवज

तुमची तक्रार व्यवहारात योग्य वाटली तरी कायद्यात तिला फारशी जागा नाही. हिस्सा मूल्यावर ठरतो आणि रस्त्यालगतच्या दुकानाचे मूल्य चौरस मीटरमागे सदनिकेपेक्षा अधिक असते, म्हणून तुमचा आकडा फुगलेला दिसतो. मी एखादी सामाईक सोय वापरत नाही, तिच्यावरचा हक्क सोडतो, असे म्हणून कोणाही मालकाला वर्गणीतून सुटका करून घेता येत नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. मात्र नाण्याला दुसरी बाजू आहे. तुमचे मतही दुप्पट आहे आणि जमिनीतला वाटाही दुप्पट आहे. पुनर्विकासाच्या बोलणीत हे दुकानदारांच्या लक्षात येते, वर्गणीच्या सभेत येत नाही.

घोषणापत्र करतानाच लिफ्ट, जिना आणि वरची गच्ची ही केवळ सदनिकाधारकांसाठीची मर्यादित सामाईक क्षेत्रे म्हणून दाखवली असती तर तुमचा प्रश्न बराच हलका झाला असता. चांगला मसुदा आणि टाकाऊ मसुदा यांतला फरक अशा ठिकाणी कळतो. पुण्यातील छोट्या योजनांची बरीच घोषणापत्रे एकाच जुन्या मसुद्यावरून, नावे आणि सर्व्हे नंबर बदलून, उतरवलेली आढळतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या घोषणापत्रात लिफ्टच्या देखभालीचे कलम मी स्वतः पाहिले आहे.

पौड_फाटा

वर्गणीच्या मुद्द्यावर एक भर घालतो. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्याच एका मोठ्या कॉन्डोमिनियमच्या प्रकरणात हाच निर्णय दिला आहे. तिथे समान वर्गणी आकारली जात होती आणि लहान सदनिकांच्या मालकांनी त्याला आव्हान दिले होते. सोयी सर्वजण सारख्याच वापरतात, मग आकाराप्रमाणे पैसे का, असा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. अपार्टमेंट कायद्याखाली वर्गणी अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणातच आकारली पाहिजे, समान आकारणीचा ठराव त्याच्या वर जाऊ शकत नाही, असा त्याचा आशय आहे.

त्यामुळे ‘शोधयात्री’, तुमच्या इमारतीतील ३,५०० रुपये हा आकडा टिकणारा नाही असे धरून चाला. अठरा गाळ्यांचे मिळून महिन्याला ६३,००० होतात. ५.१० टक्क्यांनी तुमच्या वाट्याला ३,२१३ रुपये येतील आणि गच्चीवाल्या सदनिकेच्या वाट्याला ६,१७४. तिथे कोण राहते ते विचारून ठेवा, कारण हा विषय सभेत निघेल तेव्हा विरोध तिथूनच होईल.

जुना_सभासद

आणि प्रवर्तकाच्या ११.५० टक्क्यांचे ७,२४५ रुपये दरमहा कोण देणार? ते कोणीच दिले नाहीत तर उरलेल्यांच्या अंगावर पडतील. ५.१० ला ८८.५० ने भागून पुन्हा हिशेब केलात तर तुमची वर्गणी ३,६३० रुपये होते, म्हणजे आजच्यापेक्षा जास्तच. सोसायटीत असली कोडी पडत नाहीत, एवढेच पुन्हा सांगतो.

बॉस्टनहून

परदेशातून थोडी पार्श्वभूमी देतो, कारण अविभक्त हिश्श्याची ही कल्पना मुळात आपल्याकडची नाही. पोर्तो रिकोने १९५८ साली असा कायदा केला आणि १९६१ साली अमेरिकेच्या संघीय सरकारने कॉन्डोमिनियममधील घरांच्या कर्जांना विमा देण्याची तरतूद केली. त्यानंतर तिथल्या राज्यांनी एकामागून एक कॉन्डोमिनियमचे कायदे केले. घोषणापत्र, टक्केवारी, मर्यादित सामाईक क्षेत्र, व्यवस्थापक मंडळ, ही महाराष्ट्राच्या १९७० च्या कायद्यातील सगळी मांडणी त्या घराण्यातली आहे. इथे मी ज्या इमारतीत राहतो तिथे मासिक वर्गणी टक्केवारीनेच येते आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. वाद कुत्र्यांवरून होतात. मात्र इथे घर विकताना मागील बाकीचे लेखी पत्रक संघटनेकडून घेतल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. तशी सोय महाराष्ट्राच्या कायद्यात आहे का?

दस्तऐवज

आहे, आणि तिचा उपयोग फार कमी खरेदीदार करतात. अपार्टमेंट कायद्याप्रमाणे न भरलेली वर्गणी हा त्या अपार्टमेंटवरचा बोजा असतो. शासकीय व महापालिकेचे कर आणि पहिल्या गहाणखताची रक्कम वगळता इतर बोजांच्या आधी तो येतो. विक्रीनंतर जुन्या बाकीसाठी विक्रेता आणि खरेदीदार दोघेही जबाबदार राहतात. मात्र खरेदीदाराला व्यवस्थापकाकडून किंवा व्यवस्थापक मंडळाकडून बाकीचे लेखी पत्रक मागण्याचा हक्क आहे आणि त्या पत्रकातल्या आकड्यापेक्षा अधिक जुनी बाकी त्याच्याकडून वसूल करता येत नाही. ‘बाकी काही नाही, मी सांगतो ना’ असे अध्यक्षांनी जिन्यात सांगितलेले पुरत नाही. सही, शिक्का आणि तारीख असलेले पत्रक घ्यावे. ‘पौड फाटा’ यांनी सांगितल्याप्रमाणे वर्गणीचा फेरहिशेब पुढे मागच्या तारखेपासून निघाला तर हेच पत्रक तुमच्या कामी येईल.

आता ‘शोधयात्री’ यांच्या कलमाकडे वळतो. अशी कलमे त्या काळच्या बहुतेक मसुद्यांत आढळतात. ‘कोणत्याही गाळाधारकाची हरकत असणार नाही’ हे वाक्य वाचून लोक दबून जातात, परंतु टक्केवारी बदलायला सर्व मालकांची संमती लागते हा नियम त्या वाक्याने पुसला जात नाही, कारण नवे अपार्टमेंट बांधले की त्याला हिस्सा द्यावा लागणार आणि तो कोऱ्या रकान्यातून देता येईल की नाही हा वादाचा मुद्दा आहे. वाद न्यायालयात कसा सुटेल हे इथे बसून सांगण्यात अर्थ नाही. खरेदीदार म्हणून तुम्ही एवढे पाहावे, की या ओळीच्या आधारे प्रवर्तकाने आजवर नकाशे मंजूर करून घेतले आहेत का, किंवा तो हक्क तिसऱ्या कोणाला विकला आहे का. पहिल्यासाठी महापालिकेच्या बांधकाम विभागातून मंजूर नकाशांच्या प्रती घ्या. दुसऱ्यासाठी वकिलांकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि शोध केवळ तुमच्या सदनिकेचा न घेता संपूर्ण मिळकतीचा घ्या. पुण्यात हवेलीची दुय्यम निबंधक कार्यालये अनेक आहेत, दस्त कोणत्या क्रमांकाच्या कार्यालयात नोंदवला असेल ते सांगता येत नाही, म्हणून नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चवर विसंबून राहू नये.

पार्किंगबाबत थोडक्यात. स्टिल्टमधील पार्किंग ही सामाईक जागा असून बांधकाम व्यावसायिकाला ती स्वतंत्र गाळा म्हणून विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा सदनिका मालकी कायदा, याखालील एका प्रकरणात स्पष्ट केले. तुमच्याकडे पार्किंग क्रमांक ४ घोषणापत्रातच सदनिकेपुढे मर्यादित सामाईक क्षेत्र म्हणून लिहिला आहे, ही तुमची जमेची बाजू आहे. विक्रेत्यांनी पार्किंगची वेगळी किंमत सांगितली तर ती मान्य करू नका.

पौड_फाटा

पुनर्विकासाचे राहिले. सोसायट्यांसाठी ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे, त्यात सभासदांच्या ५१ टक्के संमतीवर पुनर्विकासाची प्रक्रिया पुढे नेता येते. तो निर्णय सहकारी संस्थांसाठीचा आहे. अपार्टमेंटमध्ये जमिनीतला वाटा प्रत्येकाच्या नावावर असल्यामुळे विकसन करारावर प्रत्येक मालकाची सही घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते, आणि ज्याचे डीडच झालेले नाही त्याने कोणत्या अधिकारात सही करायची, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा उपस्थित होतो. कोथरूड-एरंडवण्यात पुनर्विकासाचे वारे जोरात आहे, तुमची इमारतही फार काळ मागे राहणार नाही. तेव्हा डीडचा विषय ‘नंतर बघू’ या सदरात टाकू नये.

शोधयात्री

विक्रेत्यांशी आणि मूळ मालकांच्या कन्येशी बोलणे झाले. त्यांच्याकडून असे कळले, की अठरापैकी अकरा गाळ्यांचे डीड ऑफ अपार्टमेंट २००१ च्या सुमारास झाले आणि बाकीचे सात जण परगावी असल्याने राहून गेले. हयात भागीदार सही करायला तयार आहेत. कन्येचीही हरकत नाही, मात्र त्यांना एक भाऊ असून ते नाशिकला असतात. बांधकाम व्यावसायिकाला दिलेले कुलमुखत्यारपत्र वडिलांच्या सहीचे आहे. नवीन मुद्रांक किती भरावा लागेल याची विक्रेत्यांना धास्ती आहे आणि तो आम्ही भरावा असे त्यांनी सुचवले आहे.

दस्तऐवज

हे चित्र मी समजत होतो त्यापेक्षा बरे आहे. अकरा डीड झालेली आहेत म्हणजे मसुदा तयार आहे आणि दुय्यम निबंधकांनी तो पूर्वी स्वीकारलेला आहे. त्यांपैकी एकाची प्रत शेजाऱ्यांकडून मिळवा.

क्रम असा ठेवावा, की आधी विक्रेत्यांच्या नावे डीड ऑफ अपार्टमेंट आणि मगच तुमचे खरेदीखत. दोन्ही एकाच दिवशी, एकामागून एक नोंदवता येतात. डीडमध्ये लिहून देणार म्हणून भागीदारी संस्थेतर्फे हयात भागीदार राहतील. दिवंगत भागीदाराच्या वारसांचे काय, हे भागीदारी पत्र आणि संस्था विसर्जित झाल्याचा लेख पाहून ठरवावे लागेल, ती कागदपत्रे आधी मागा. मूळ मालकांचे दोन्ही वारस स्वतः सही करतील असे पाहा. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कुलमुखत्यारपत्रावर सही घेतलेला दस्त पुढे कोणीतरी नक्की उकरून काढतो, विकसन करारामुळे ते पत्र टिकते असा युक्तिवाद करता येतो हे मला ठाऊक आहे, पण दोन माणसे हयात असून सही द्यायला तयार असताना युक्तिवादाच्या भरवशावर कशाला राहायचे? नाशिकच्या भावांना येणे शक्य नसेल तर त्यांनी तिथेच नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र बहिणीच्या नावे करून द्यावे.

समजा कोणी ऐनवेळी सही नाकारली, तरी सगळे संपले असे नाही. प्रवर्तकाने मुदतीत हस्तांतरण करून दिले नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची तरतूद २००८ च्या दुरुस्तीने मोफामध्ये आली आणि तीत सहकारी संस्थेबरोबर अपार्टमेंटधारकांच्या संघटनेचाही उल्लेख आहे. डीड राहिलेल्या इतर सहा गाळेधारकांनाही या निमित्ताने बरोबर घ्या, एकट्यापेक्षा सात जणांच्या कामाला माणसे लवकर सही करतात.

मुद्रांकाची धास्ती अनाठायी आहे. १९९८ च्या साठेखतावर पूर्ण मुद्रांक भरलेला असेल तर तो डीडच्या वेळी जमेस धरला जातो आणि डीडवर नाममात्र मुद्रांक लागतो. मूळ साठेखत आणि मुद्रांक भरल्याचा पुरावा मात्र बरोबर असावा लागतो. तो खर्च विक्रेत्यांचाच आहे, विसारपावतीत तसे लिहून घ्या. तुमच्या खरेदीखतावर पुणे महापालिका हद्दीत सध्याच्या दराने ७ टक्के, म्हणजे १ कोटी ५ लाखांवर ७ लाख ३५ हजार मुद्रांक आणि ३०,००० नोंदणी फी लागेल. खरेदी केवळ महिलेच्या नावावर केली तर १ टक्का सवलत मिळते, ती १ लाख ५ हजारांची होते.

विसाराची रक्कम लहान ठेवा आणि डीड नोंदवून होईपर्यंत पुढचा हप्ता देय होणार नाही, ठरलेल्या मुदतीत डीड झाले नाही तर विसार बिनव्याजी का होईना पण पूर्ण परत मिळेल, असे कलम घाला. विक्रेते पुण्याचे असतील तर ते ‘बिनव्याजी’वर लगेच तयार होतील.

शोधयात्री

ठीक. विसारपावतीचा मसुदा वकिलांकडे दिला असून सेलेबलचा आकडा त्यातून काढला आहे, ५४ चौरस मीटर एवढेच ठेवले आहे. पार्किंग क्रमांक ४ आणि ५.१० टक्के हिस्सा हे दोन्ही परिशिष्टात आले आहेत. विक्रेत्यांनी डीडचा खर्च मान्य केला. बाकीच्या पत्रकासाठी संघटनेकडे अर्ज दिला, तेव्हा व्यवस्थापकांनी विचारले की हे असे पत्रक आजवर कोणी मागितलेले नाही, त्याचा नमुना तुम्हीच आणाल का. ‘दस्तऐवज’, आपल्याकडे नमुना असल्यास कृपया द्यावा.

दस्तऐवज

ठरीव नमुना लागत नाही. संघटनेच्या लेटरहेडवर अपार्टमेंट क्रमांक, सध्याच्या धारकाचे नाव, अमुक तारखेपर्यंत सामाईक खर्चापोटी येणे असलेली एकूण रक्कम अंकी व अक्षरी, येणे नसल्यास तसा स्पष्ट उल्लेख, आणि हे पत्रक नियोजित खरेदीदाराच्या मागणीवरून दिले आहे असे एक वाक्य, एवढे पुरते. खाली व्यवस्थापक मंडळाच्या वतीने सही करणाऱ्याचे नाव व पद लिहून घ्या. तारीख खरेदीखताच्या शक्य तितकी जवळची असावी, म्हणून आज अर्ज देऊन ठेवलात तरी पत्रक नोंदणीच्या आठवड्यातच हातात घ्या.